पेडणे-डिचोलीची ऋतुवही

इंग्लंडच्या दक्षिण भागात सेल्बोर्न नावाचे एक लहानसे खेडे आहे. अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक धर्मोपदेशक तेथे राहत असे. त्याने दूरदूरचे प्रवास केले नाहीत, की मोठी राजकारणे पाहिली नाहीत. पाकोळ्या गावात केव्हा आल्या, बागेतले कासव कोणत्या दिवशी जमिनीत दडून बसले, पहिली थंडी केव्हा पडली, एवढेच तो वर्षानुवर्षे टिपून ठेवीत गेला. १७८९ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि घराभोवतीच्या ऋतूंकडे पाहण्याची एक नवी दृष्टी इंग्रजी वाचकाला मिळाली. त्याच्या एकच वर्ष आधी, म्हणजे १७८८ साली, गोव्याच्या उत्तर टोकाचा पेडणे महाल सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. डिचोली त्याआधी सात वर्षे, १७८१ मध्ये गेली होती. या घटनांच्या तारखा इतिहासाच्या पुस्तकांत सापडतात. परंतु त्या वर्षी पेडण्यात मृगाचा पाऊस कसा पडला, किंवा डिचोलीच्या आंब्याला मोहोर केव्हा आला, हे त्या पुस्तकांत शोधणे व्यर्थ होय.

याचा अर्थ या प्रदेशातील माणसाला आपल्या ऋतूंची जाण नव्हती असा मात्र नव्हे. त्याची ऋतुवही कागदावर लिहिलेली नव्हती, इतकेच. ती शेताच्या बांधावर, माजघराच्या आढ्यावर, जत्रेच्या दिवसांत आणि बाजाराच्या टोपल्यांत लिहिलेली होती. ती वाचावयाची तर थोडा भूगोल आणि थोडा इतिहास, दोन्ही हाताशी असावे लागतात.

पेडण्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी आणि दक्षिणेला शापोरा नदी. पश्चिमेला हरमल, मांद्रे, मोरजी यांचा समुद्रकिनारा. मध्ये जांभ्या दगडाचे सडे, आणि सड्यांच्या पायथ्याशी भाताची मळी. डिचोलीला समुद्र नाही. पण तिच्या अंगणातून डिचोलीची नदी वाहते, साखळीजवळून वाळवंटी वाहते, आणि दोन्हींचे पाणी शेवटी मांडवीला मिळते. नार्व्याच्या धक्क्यावर उभे राहिले की पलीकडे दिवाडी बेट दिसते. एका तालुक्याचे तोंड समुद्राकडे, तर दुसऱ्याचे डोंगराकडे. पण दोघांवरही राज्य चालते ते पावसाचे. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला नऊ दशांशांहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने म्हणजे या चार महिन्यांची एक तर आठवण, नाही तर तयारी असते.

समुद्रावरून येणाऱ्या परक्या माणसाला हे फार लवकर कळले. पोर्तुगीजांनी इथल्या पावसाळ्याला ‘हिवाळा’ म्हणावयास सुरुवात केली. त्यांच्या देशात पाऊस आणि वादळे हिवाळ्यात येत, म्हणून जो काळ पावसाचा तो हिवाळा, असा त्यांचा सरळ हिशेब होता. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या यान ह्यूगन व्हॅन लिन्स्खोटेन या डच माणसाने आपल्या १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात या ‘हिवाळ्या’चे वर्णन केले आहे. नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे साचतात आणि जहाजांची ये-जा थांबते, ही गोष्ट त्याने नोंदवून ठेवली. जगातल्या एका मोठ्या व्यापारी शहराचे दार चार महिने निसर्गच लावून घेत असे, आणि व्हाइसरॉयालाही ते उघडता येत नसे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण घ्या. १६१६ साली ज्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत अवतरले, ते हे इंग्रज जेझुइट. त्यांचे जहाज ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. या दोन तारखा योगायोगाच्या नव्हत. लिस्बनहून जहाजे मार्च-एप्रिलात सुटावयाची, कारण आफ्रिकेला वळसा घालून आल्यावर त्यांना नैर्ऋत्येचे वारे पाठीशी हवे असत; आणि गोव्यास ती पोहोचावयाची सप्टेंबर-ऑक्टोबरात, कारण तोवर मांडवीचे मुख मोकळे होत असे. म्हणजे ज्या वाऱ्याने पेडण्याच्या शेतकऱ्याचे भात पिकत होते, त्याच वाऱ्याने मराठी साहित्याला क्रिस्तपुराणाचा कर्ता आणून दिला. ऋतू घराजवळचे असतात हे खरे. पण त्यांचे हात फार लांबवर पोहोचलेले असतात.

समुद्राप्रमाणे रणांगणावरही पाऊस हुकूम चालवीत असे. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे, ही चाल केवळ धर्मविधीची नव्हे. चिखल वाळल्यावाचून घोडा धावत नाही, आणि नदी उतरल्यावाचून फौज पार होत नाही. नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दिवाडी बेटावरचे मूळ देवालय पोर्तुगीज अमलात नष्ट झाल्यावर या देवतेची स्थापना नदीपलीकडे, डिचोली महालात झाली. पुढे शिवाजी महाराजांनी त्या देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली, ती शके १५९० च्या कार्तिकात, म्हणजे १६६८ च्या नोव्हेंबरात. पावसाळा संपून वाटा कोरड्या झालेल्या, भात कापून झालेले, आणि मुलूखगिरीचा काळ नुकता सुरू झालेला, असा तो महिना. त्याच देवालयाचे राज्य शासनाने नूतनीकरण केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. तो महिनाही कोरड्या दिवसांतलाच, हे सांगावयास नको.

याच हिशेबाने पेडण्यातील दोन किल्ल्यांच्या तारखाही वाचता येतात. शापोऱ्याच्या काठचा हळर्णचा किल्ला पोर्तुगीजांनी ५ मे १७४६ रोजी जिंकला. त्या विजयामुळे तेव्हाच्या व्हाइसरॉयाला पुढे ‘आलोर्नचा मार्किस’ ही पदवी मिळाली. तेरेखोलचा किल्ला मात्र त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पडला. एकाच तालुक्यातील दोन किल्ल्यांच्या मध्ये सहा महिन्यांचे अंतर का पडावे, याचे उत्तर शोधताना मधल्या पावसाळ्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. इतिहासकार सेनापतींची नावे लिहितो. पावसाचे नाव तो सहसा लिहीत नाही.

राज्ये बदलली, तरी ऋतूंची वही मात्र या दोन तालुक्यांत फारशी फाटली नाही. याचेही कारण ऐतिहासिक आहे. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात देवळे पडली आणि जुन्या चालीरीतींवर निर्बंध आले. पेडणे, डिचोली, सत्तरी वगैरे नव्या काबिजादी मात्र दोनशे वर्षांहून अधिक काळानंतर हाती आल्या. तोवर धर्मप्रसाराचा तो जोर ओसरला होता, आणि येथील लोकांच्या धर्माला व रूढींना हात न लावण्याचे धोरण स्वीकारले गेले. त्यामुळे गावचा मांड, देवाचे तरंग, पौषातले धालो, फाल्गुनातला शिगमा आणि घोडेमोडणी ही सारी येथे अखंड राहिली. शापोरा नदीच्या एका तीरावर पंचांग चालत राहिले आणि दुसऱ्या तीरावर चर्चचे कॅलेंडर. मोठ्या मौजेचा भाग असा, की पाऊस दोन्ही तीरांवर एकच असल्यामुळे ही दोन कॅलेंडरे हळूहळू एकमेकांशी बोलू लागली.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘पुरुमेंत’. हा शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’पासून आला. त्याचा अर्थ पावसाळ्याची बेगमी. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीचे फेस्त ईस्टरनंतर सुमारे पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी भरते, आणि त्या वेळी बेगमीचा मोठा बाजार लागतो. सुकी मासळी, मीठ, मिरची, कांदे, चिंच, आमसुले, नाना प्रकारच्या डाळी, मातीची भांडी, विणलेल्या टोपल्या, सारे काही तेथे. आकाशात अजून ढगाचा ठिपका नसतो. परंतु बाजारातली गृहिणी मात्र आषाढाच्या झडीत चूल कशी पेटेल आणि कालवणाला काय मिळेल, याचा विचार करीत असते. हिंदू कुटुंबे आणि ख्रिस्ती कुटुंबे एकाच पालाखाली मिरचीचा भाव करतात. भविष्यकाळाचा एवढा रोकडा विचार फार थोड्या उत्सवांत आढळेल.

याच फेस्ताला डिचोली तालुक्यातील शिरगावचा एक धागा बांधलेला आहे. लोकश्रद्धा अशी, की शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई वगैरे सात बहिणी, आणि म्हापशाची मिलाग्र सायबीण ही त्यांतलीच एक, मिराबाई. लईराईकडून सायबिणीला तेल जावे आणि सायबिणीकडून लईराईला फुले यावीत, अशी जुनी प्रथा सांगतात. शिरगावची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची. गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा घातलेले धोंड व्रतस्थ राहून निखाऱ्यांवरून चालतात. ऋतूच्या दृष्टीने पाहिले तर हा काळ उन्हाच्या कडाक्याचा; विहिरी खोल गेलेल्या, सडे तापलेले, आणि मोगरा मात्र ऐन भरात. ज्या ऋतूत अग्नी सर्वत्र आहे त्याच ऋतूत अग्निदिव्य, आणि ज्या ऋतूत मोगरा फुलतो त्याच ऋतूत मोगऱ्याचा मान! लोकांनी देवाच्या नावाने ऋतूचीच तिथी लक्षात ठेवली, असे म्हटल्यास ते अनुचित होणार नाही.

मग रोहिणी सरते, मृग लागतो, आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस दाराशी येतो. चढणीचे मासे ओहोळांतून उलट्या दिशेने शेतात शिरतात. काळवंडलेल्या सड्यावर आठ दिवसांत हिरवळ दिसू लागते. टाकळा, अळू, फागले या रानच्या भाज्या घरात येतात, आणि वारुळांवर उगवणाऱ्या अळंब्यांची वाट पाहिली जाते. २४ जूनला संत जॉन बाप्तिस्ताचे फेस्त येते. शापोऱ्याच्या पलीकडच्या तीरावर शिवोली गावी सजवलेल्या होड्या निघतात, आणि पानाफुलांचे मुकुट घातलेले तरुण तुडुंब भरलेल्या विहिरींत उड्या मारतात. मे महिन्यात ज्या विहिरीचा तळ दिसत होता, ती भरल्याचा हा आनंद आहे. समुद्र मात्र या काळात विश्रांती घेतो. पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात लोटू नये असा दंडक होता. आता सरकारी नियमाने १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. जुन्या दंडकाने आणि नव्या कायद्याने एकच गोष्ट सांगावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

श्रावण-भाद्रपदात हळदीच्या पानांचा वास घरोघर दरवळतो. त्या पानात वाफवलेल्या पातोळ्या हिंदू घरांत सणांना होतात, आणि ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टला, मारियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला होतात. दोन्ही चुलींवर तांदूळ, नारळ आणि गूळ तोच, पानही तेच. तसेच नव्या कणसांचे. ऑगस्टात चर्चमध्ये भाताची पहिली कणसे आशीर्वादासाठी नेली जातात, आणि गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी हिंदू घरात नवे भात येते. शेताचा पहिला घास देवापुढे ठेवावा, ही भावना दोन धर्मांची असली तरी शेत एकच आहे.

चतुर्थीची माटोळी ही तर या ऋतुवहीचे सर्वांत सुंदर पान होय. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला त्या ऋतूची फळे, फुले, वेली आणि रानातली नवलाई बांधण्याची ही गोव्याची खास पद्धत. सुपारीचे घोस, नारळाची पेंड, केळीचा घड, तोरिंजन, चिबूड, आंबाडे, लालभडक कवंडळे, आणि ज्यांची नावे शहरातल्या माणसाला ठाऊक नसतात अशी कितीतरी रानफळे तेथे लोंबत असतात. डिचोली आणि साखळीच्या बाजारांत चतुर्थीच्या आधी माटोळीच्या सामानाने रस्ते भरून जातात. डोंगरात राहणारी माणसे पहाटे रानात जाऊन ही फळे आणतात. कोणते झाड कोठे आहे, ते केव्हा फळते, कोणत्या वेलीला हात लावावा आणि कोणत्या वेलीला लावू नये, हे ज्ञान त्यांनी ग्रंथांतून मिळवलेले नाही. १५६३ साली गार्सिया द ऑर्ता या वैद्याने गोव्यात आपला औषधी वनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ छापला आणि आंबा, फणस यांच्याबरोबर इथल्या भिरंडाचीही ओळख युरोपला करून दिली. ऑर्ताच्या ग्रंथाचे कौतुक झाले ते योग्यच झाले. परंतु दरवर्षी भाद्रपदात नव्याने मांडला जाणारा आणि दहा-अकरा दिवसांत उतरवला जाणारा माटोळीचा ग्रंथ त्याहून जुना नसेल, असे कोणी खात्रीने म्हणावे?

ही वही नुसती शोभेची नव्हती. तिच्यावर पोट अवलंबून होते. गोव्याच्या शेतकऱ्याने जमिनीचे तीन प्रकार मानले: उंचावरची मोरड, मधली खेर आणि खाडीकाठची खाजन. खाजन जमीन ही माणसाने समुद्राशी केलेल्या तडजोडीचे फळ आहे. कोरगावसारख्या गावांत भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून माती, पेंढा आणि दगड यांचे बांध घातले गेले, आणि बांधात ‘मानस’ नावाची लाकडी दारे बसवली गेली. भरतीचे पाणी दाराला आत लोटते आणि दार आपोआप मिटते; ओहोटी लागली की आतले पाणी दार उघडून बाहेर पडते. पावसाच्या पहिल्या सरींनी जमिनीतला खार धुऊन जातो आणि मग कोरगुट नावाचे, खारेपणा सोसणारे भात पेरले जाते. चंद्राची कला, भरतीची वेळ आणि मृगाची सर, या तिन्हींचा मेळ ज्याला कळला नाही, त्याच्या शेतात मीठ पिकले असते, भात नव्हे.

हे बांध पूर्वी गावकरीची, म्हणजे गावाच्या सामुदायिक संस्थेची, जबाबदारी असत. मुक्तीनंतर १९६४ साली कुळकायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कुळे जमिनीची मालक झाली. पिढ्यान्पिढ्या राबणाऱ्याला जमीन मिळाली, हा न्यायच झाला. परंतु बांधाची काळजी वाहण्याचे काम मात्र जुन्या संस्थेच्या हातून सुटले आणि नव्या कुळसंघांच्या हाती ते सर्वत्र नीट रुजले नाही. मानशीजवळ मासे व कोळंबी पकडण्याच्या हक्काची पावणी होते. त्यातून पैसा येतो. तेव्हा दार शेतासाठी मिटावे की माशांसाठी उघडे राहावे, असा झगडा ठिकठिकाणी उभा राहिला. एकदा बांध फुटला आणि खारे पाणी आत आले, की शेत काही वर्षे पडीक राहते. मग त्या शेताबरोबर त्याची वेळ ओळखणारी नजरही पडीक होते.

पाऊस ओसरला की पेडण्यात पुनवेचे वेध लागतात. कोजागिरीच्या सुमारास रवळनाथ आणि भूतनाथ यांचे वस्त्रांनी सजवलेले तरंग निघतात. भूतनाथाला एका रात्रीत बांधलेले देऊळ हवे होते, आणि ते काही पुरे झाले नाही, अशी लोककथा आहे. दरवर्षी देव रुसतो, लोक समजूत घालतात, आणि पुढल्या वर्षीची पुनव येते. ऋतुचक्राचे याहून बोलके रूपक शोधून सापडणार नाही. जे पुरे होत नाही, तेच पुन्हा पुन्हा येत राहते. पुढे त्रिपुरारी पौर्णिमेस साखळीजवळ विठ्ठलापूर येथे वाळवंटीच्या पात्रात दिव्यांनी उजळलेल्या नौका सोडल्या जातात. आषाढात गढूळ होऊन धावणारी तीच नदी कार्तिकात दिवा तोलून धरण्याइतकी शांत झालेली असते. हरवळ्याचा धबधबाही तोवर आवाज खाली आणतो. मग दशावताराचे रंगमंच उभे राहतात, पौषाच्या चांदण्यात बायका मांडावर धालो खेळतात, आणि वायंगणाचे भात पाण्यावर डुलू लागते.

थंडी सरताच मिठाचा हंगाम सुरू होतो. शापोऱ्याच्या काठी असलेल्या आगरवाड्याचे नावच मिठाच्या आगरांची साक्ष देते. चिखल तुडवून, वाफे सपाट करून, भरतीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवीत माणसे उन्हाकडून मीठ मिळवतात. पण या साध्या ऋतुकर्मावरही राजकारणाचा घाव पडला. १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. तो १८८० पासून अमलात आला. त्याने गोव्यातील मीठ-उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि पोर्तुगीज सरकारला त्याबद्दल वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. सूर्य तळपत होता, खाडीला भरती येत होती, चिखल तयार होता; परंतु मीठ पिकवण्याची मोकळीक नव्हती. १८९२ साली करार संपला, तरी मोडलेला धंदा पूर्ववत झाला नाही. महात्मा गांधींच्या १९३० च्या दांडीयात्रेची कथा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. तिच्या पन्नास वर्षे आधी गोव्याच्या मिठागरांनी काय सोसले, हेही त्याने शिकावे.

इतिहास ऋतू हिरावून घेतो, तसा कधी नवा ऋतू देतोही. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. आज पेडण्या-डिचोलीच्या डोंगरउतारांवर फाल्गुन-चैत्रात काजूचा जो वास सुटतो, तो पाचशे वर्षांपूर्वी या भूमीला अपरिचित होता. बोंडू वेचणे, कोळंबीत तुडवणे, भट्टी लावणे, पहिला हुर्राक चाखणे, हा सारा एक स्वतंत्र हंगाम त्या परक्या झाडाने निर्माण केला. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा घराजवळचे जे जे आहे ते सारे अनादिकाळापासूनचे, असा समज बाळगण्याचे कारण नाही. जे आपुलकीने सांभाळले जाते, ते परके असले तरी घरचे होते.

परंतु जे सांभाळले जात नाही, ते घरचे असूनही परके होते. आणि येथेच चिंतेचा प्रश्न उभा राहतो. डिचोलीच्या डोंगरांत लोहखनिज होते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ते व्यापारी प्रमाणावर निघू लागले आणि २०१०-११ साली गोव्याची निर्यात पाच कोटी टनांच्या पुढे गेली. हजारो घरांत त्या धुळीने पगार आणला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या, तेव्हा आसपासच्या विहिरींनी आणि झऱ्यांनी आपली वेळ चुकवली. मातीच्या ढिगाऱ्यांवरून वाहणारे आषाढाचे पाणी शेतांत गाळ घेऊन उतरू लागले. जो पाऊस सुपीकता आणीत असे, त्याचीच शेतकऱ्याला धास्ती वाटू लागली. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने परवाने रद्द ठरवले, आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. खाण बंद असतानाचा काळ काहींना भुकेचा गेला, काहींना स्वच्छ पाण्याचा. दोघांचेही म्हणणे खरे आहे, म्हणून तर प्रश्न अवघड आहे.

पेडण्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. वृक्षराजी आणि पाण्याचे झरे यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०१९ मध्ये पर्यावरणविषयक परवानगी स्थगित झाली आणि जानेवारी २०२० मध्ये अटींसह काम पुढे चालू झाले. ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. जांभ्याचा सडा उन्हाळ्यात ओसाड दिसतो, म्हणून तो निकामी, असे पाहणाऱ्याला सहज वाटते. पण पावसाळ्यात त्याच खडकावर इवल्या इवल्या फुलांचे गालिचे पसरतात, आणि त्याच्या भेगांतून मुरलेले पाणी मार्च-एप्रिलात पायथ्याच्या झऱ्याला येते. सडा कसा आहे हे ठरवावयाचे तर त्याला बारा महिने पाहिले पाहिजे. एकाच ऋतूत पाहून घेतलेला निर्णय हा अपुऱ्या साक्षीवर दिलेला निकाल असतो. तिळारीच्या कालव्यांनी याच दोन तालुक्यांत उन्हाळ्यातही पाणी आणले, ही जमेची बाजू होय. मात्र पाणी नळाने आणि कालव्याने आले, की झऱ्याकडे जाणारी पायवाट बुजत जाते, हेही तितकेच खरे.

जपानात क्योटो शहरी चेरीची झाडे केव्हा फुलली याच्या नोंदी बाराशे वर्षांच्या मिळतात. दरबारी रोजनिशांत आणि सणांच्या वृत्तांतांत त्या विखुरलेल्या होत्या. २०२१ साली तो बहर २६ मार्चलाच आला, तेव्हा इतक्या लवकर तो पूर्वी कधी आला नव्हता, हे त्या नोंदींवरूनच सांगता आले. पृथ्वी तापत आहे हे शास्त्रज्ञ यंत्रांनी सांगतात. पण क्योटोच्या जुन्या लेखनिकांनी, आपण काय टिपून ठेवीत आहोत याची कल्पना नसताना, त्या शास्त्राला साक्ष पुरवली. महाराष्ट्रात दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली ‘ऋतुचक्र’ लिहून बारा महिन्यांकडे बारकाईने पाहण्याचा धडा घालून दिला. त्या धड्याला तालुक्या-तालुक्यातून पुढची पाने जोडली जाणे अगत्याचे आहे.

पेडणे आणि डिचोली येथे असे पान लिहावयास फार मोठी विद्वत्ता लागणार नाही. शाळेतल्या एखाद्या मुलाने एक कोरी वही घ्यावी. विहिरीचे पाणी कितव्या पायरीला आहे, अंगणातला आंबा कोणत्या दिवशी मोहरला, काजूचा पहिला बोंडू केव्हा पडला, चढणीचे मासे केव्हा दिसले, माटोळीला यंदा कोणते फळ मिळाले नाही, हे त्याने तारखेसह लिहावे. जी नावे येत नाहीत ती आजीला विचारावी. माटोळी विकावयास येणाऱ्या बाईला विचारावी. मानशीवर बसणाऱ्या माणसाला विचारावी. ही माणसे गेली की त्यांच्याबरोबर नावेही जातील, आणि नाव गेले की झाड तोडताना कोणाचा हात अडखळत नाही.

गिल्बर्ट व्हाइटच्या खेड्यात जशी पाकोळी परत येते, तसा पेडण्याच्या सड्यावर मृग परत येतोच. कोरगावच्या बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तो ढगाच्या रंगावरून कळतो, म्हापशाच्या बाजारातल्या बाईला मिरचीच्या भावावरून कळतो, आणि शिरगावच्या धोंडाला मोगऱ्याच्या सरत्या कळ्यांवरून कळतो. आजवर ही वही अशी अनेक हातांनी राखली. तिची पुढली पाने आता शाईने लिहिण्याची वेळ आली आहे, आणि पहिल्या पानावर तारीख घालावयास येता मृग पुरेसा आहे.